पुरेसं साठलं तरी नोकरी करत राहावी आणि पगार दान करावा का?

उंबरठा_५२

नोकरी लवकर कशी सोडावी यावर इथे पाच-सहा धागे आहेत. हा त्याची उलटी बाजू. पोटापुरतं साठलेल्या माणसाने घरी बसण्याऐवजी नोकरी चालू ठेवावी आणि सगळा पगार चांगल्या कामाला द्यावा, हे शहाणपणाचं आहे का?

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून आकडे घेतो. वय ५२, पुणे. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, मुलांची शिक्षणं झालेली. गाठीला साडेतीन कोटी, म्हणजे ठेवी, भविष्य निर्वाह निधी आणि म्युच्युअल फंड मिळून. ठेवींचं व्याज वर्षाला ८ लाख, घरखर्च ९ लाख. पगार २४ लाख, त्यात मूळ वेतन १२ लाख. माणूस आकड्यांसाठी बनवलेला आहे, ‘हा अमुक तर नाही ना’ म्हणून शोधू नका.

माझं मत: करावी. २४ लाखांत एखादी छोटी संस्था वर्षभर चालते. या माणसाने स्वतः खेड्यात जाऊन शिकवलं तर तेवढं काम उभं राहणार नाही.

काडेपेटी

पहिली काडी माझी. साडेतीन कोटी ‘पुरेसे’ हे ठरवलं कुणी? ९ लाखांच्या खर्चाला ३९ पट होतात, ठीक आहे. पण ५२ व्या वर्षी पुढची ३५ वर्षं धरायची, त्यात दोघांच्या आईवडिलांची आजारपणं. पाश्चात्त्यांचा २५ पटींचा ठोकताळा आपल्या महागाईला पुरत नाही, ३३ च्या खाली मी कुणाला सुरक्षित म्हणणार नाही.

आणि आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो. स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षांची प्रतीक्षा लावता येते आणि ती वर्षं गट विम्याच्या छत्राखाली सरून जातात. हे न करता पगार वाटत सुटलेला माणूस दानशूर नाही, बेफिकीर आहे.

वजाबाकी

धागाकर्त्याने २४ लाख म्हटलं तिथेच घोटाळा आहे. दान २४ लाखांचं होत नाही. हिशेब करू. दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नवी करपद्धती.

नोकरी सोडली तर उरतं फक्त ८ लाख व्याज. १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने त्यावर कर शून्य. नोकरी ठेवली तर ३२ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ३१,२५,०००. पहिल्या २४ लाखांवर ३,००,०००, उरलेल्या ७,२५,००० वर ३० टक्क्यांनी २,१७,५००. त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण ५,३८,२००.

हा सगळा कर नोकरीमुळे लागला, कारण ती नसती तर व्याजावरही कर नव्हता. म्हणून नोकरीची निव्वळ कमाई १८,६१,८००. त्यातून भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतनाचे १२ टक्के, म्हणजे १,४४,००० अडकतात. बुडत नाहीत, पण यंदा देता येत नाहीत. उरले १७,१७,८००. नोकरीचे म्हणून जे खर्च असतात (रोजचा प्रवास, बाहेरचं जेवण, घरी वेळ नाही म्हणून ठेवलेली मदत) ते लाख-सव्वा लाख धरा. दानासाठी हातात येतात १६ लाख.

२४ चे १६. संस्थेला शब्द द्यायचा तो या आकड्यावर.

उंबरठा_५२

पण दानावर ८०जी ची वजावट मिळते ना? ती धरली तर आकडा पुन्हा वर जाईल.

वजाबाकी

नाही जात. उलट तोटा होतो. गंमत अशी की हे बहुतेकांना जुलैत विवरणपत्र भरताना कळतं.

८०जी फक्त जुन्या करपद्धतीत आहे. जुन्या पद्धतीत हा माणूस बसवून पाहू. ३२ लाखांतून ५०,००० प्रमाणित वजावट आणि ८०सी चे १.५ लाख गेले, राहिले ३० लाख. (८०सी म्हणजे भविष्य निर्वाह निधीसारख्या बचतीची वजावट.) सर्वसाधारण नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट ५० टक्के, आणि त्यासाठी पात्र रक्कम या ३० लाखांच्या १० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे ३ लाख पात्र, त्याच्या निम्मी दीड लाख वजावट. १६ लाख द्या नाहीतर ३ लाख द्या, वजावट दीड लाखच. करपात्र २८.५ लाख, कर उपकरासह ६,९४,२००. नव्या पद्धतीपेक्षा १,५६,००० जास्त!

घरभाडं नाही, गृहकर्जाचं व्याज नाही. जुन्या पद्धतीला तोलून धरणाऱ्या दोन्ही गोष्टी या माणसाकडे नाहीत, आणि नसणारच, कारण सुरक्षित झाला याचा अर्थच तो. ८०डी चा विम्याचा हप्ता घातला तरी एवढी दरी बुजत नाही.

अपवाद एक. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांना दिलेल्या पैशाला १०० टक्के वजावट आहे आणि वरची मर्यादा नाही. तिथे १६ लाख दिले तर करपात्र १४ लाख, कर २,४१,८००, म्हणजे २,९६,४०० वाचतात. दोन्ही पद्धती समसमान होतात ते साडेसहा लाखांच्या देणगीला. त्याखाली अशा निधीला देऊनही नवीच पद्धत स्वस्त.

माझा सल्ला: वजावट विसरा. करासाठी संस्था निवडायला गेलात की निवड चुकते.

काडेपेटी

वजाबाकी साहेब, मग पगार घ्यायचाच कशाला? कंपनीला सांगायचं, माझा पगार थेट संस्थेला द्या. कर लागणारच नाही.

वजाबाकी

लागतो. पगार देय झाला की तो तुमचं उत्पन्न. नंतर तो कुणाला द्यायचा हे तुम्ही ठरवता, म्हणजे उत्पन्नाचा विनियोग झाला. कंपनीने थेट संस्थेच्या खात्यात पाठवला तरी फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगार-कर प्रमाणपत्रात, तुमच्याच नावावर दिसणार. देय होण्याआधी लेखी करार बदलून पगारच कमी करून घेतला तर त्या भागावर कर नाही, पण मग तो पैसा कंपनीचा. तिने दान करावं अशी अट घातलीत की गाडी पुन्हा पहिल्या जागी. केंद्र सरकारला स्वेच्छेने पगार सोडण्याचा १९६१ चा एक कायदा आहे, त्यात कर माफ होतो, पण पैसा सरकारी तिजोरीत जातो. धागाकर्त्याला ते नको असणार.

कंपन्यांत ‘पगारातून देणगी’ योजना असते ती सोय म्हणून चांगली. दरमहा आपोआप कापलं जातं, काही कंपन्या तेवढीच भर घालतात. भर असेल तर ती आधी वापरा. त्याहून चांगला परतावा कुठल्या वजावटीत नाही.

तासिकातत्त्व

आकडे छान आहेत, पण खुर्चीचा प्रश्न कुणी काढला नाही. ही व्यक्ती सोडून गेली तर त्या जागी कोण येतं?

खासगी कंपनीत मंजूर पदं नसतात. एक माणूस राहिला म्हणून दुसऱ्याची नोकरी गेली असं सरळ म्हणता येत नाही. अनुदानित महाविद्यालयात मात्र म्हणता येतं. तिथे पद मंजूर असतं, भरतीला परवानगी लागते, आणि बाहेर नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली मुलं तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवत वर्षानुवर्षं थांबलेली असतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन, तेही वेळेवर नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. अशा ठिकाणी निवृत्तीनंतर ‘मानद’ किंवा कंत्राटी म्हणून चिकटून राहून मानधन दान करणारे प्राध्यापक दान करत नाहीत. ते दुसऱ्याची भाकरी अडवून तिचा तुकडा वाटतात.

कडक वाटेल, पण मंजूर पदाच्या नोकरीत हे दान करूच नये. जागा सोडणं हेच दान.

भूलथाप

तासिकातत्त्व यांच्याशी शिक्षणापुरता सहमत. वैद्यकीय क्षेत्रात उलटं आहे.

उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल तर शल्यगृह, स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका सगळं असून सिझेरियन होत नाही. बाईला रुग्णवाहिकेत घालून जिल्ह्याच्या गावी पाठवतात. तिथे पोहोचेपर्यंत गर्भाशय फाटण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका वाढतो. एका माणसाच्या नसण्याने अख्खी साखळी थांबते. शहरात खासगी कामातून कमावून पैसे पाठवणारा भूलतज्ज्ञ त्या पैशाने तालुक्याला भूलतज्ज्ञ आणू शकत नाही, कारण यायला कुणी तयार नाही. पैसा असूनही माणूस मिळत नाही, तिथे पैसे देऊन काय होणार?

तेव्हा कसोटी अशी लावा: तुमच्याकडे जे कौशल्य आहे ते संस्थेला बाजारातून पगार देऊन मिळतं का? मिळत असेल तर कमवा आणि द्या. मिळत नसेल तर स्वतः जा. सॉफ्टवेअरवाल्याने खेड्यात जाऊन पहिलीला शिकवू नये, त्याच्या दोन दिवसांच्या पगारात तिथली डी.एड. झालेली मुलगी महिनाभर ते काम त्याच्याहून चांगलं करते.

अवांतर: आयडीवर हसू नका, भूल देणाऱ्याने थापा मारू नयेत ही आठवण आहे.

कृष्णाकाठ

हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे दोन जुनी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

एक आजीव सेवकांचं. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिचे आजीव सदस्य २० वर्षं सेवेची हमी देत आणि महिना ७५ रुपयांवर काम करत. गोपाळ कृष्ण गोखले, धोंडो केशव कर्वे हे त्याच पठडीतले. पुढे भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सेवक ही परंपरा रुजली. यात दान पगाराचं नाही, न घेतलेल्या पगाराचं. सरकारी किंवा वकिलीच्या कमाईपेक्षा कमी घ्यायचं आणि तो फरक म्हणजे संस्थेला दिलेली देणगी. आयकराच्या भाषेत वजाबाकी साहेब म्हणाले तेच: देय होण्याआधी सोडलेला पगार!

दुसरं उत्तर विनोबांचं. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, पगार किंवा धंदा होता, त्यांच्यासाठी पुढे संपत्तिदान आलं. उत्पन्नाचा सहावा हिस्सा दरवर्षी द्यायचा. पण पैसा गोळा करून मध्यवर्ती फंड करायचा नाही. तो देणाऱ्यापाशीच राहणार, खर्च कुठे करायचा ते सांगितलं जाणार, आणि देणाऱ्याने वर्षाचा हिशेब कळवायचा. म्हणजे माणूस आपल्याच कमाईचा विश्वस्त.

आजचे इंग्रजी मंडळातले ‘कमवा आणि द्या’वाले १० टक्क्यांची शपथ घेतात आणि ती मोठी नवी गोष्ट म्हणून सांगतात. षष्ठांश म्हणजे १६.६७ टक्के.

माझं मत धागाकर्त्याच्या विरुद्ध आहे. सगळा पगार देणारा माणूस नोकरीवर उपकार करत असल्यासारखा वागू लागतो. सहावा हिस्सा देणारा आयुष्यभर देतो.

काडेपेटी

कृष्णाकाठ, षष्ठांश कशाचा? पोट भरलेल्या माणसाने सहावा हिस्सा दिला तर पाच हिस्से तो कशासाठी कमावतोय? संपत्तिदान पगारावर जगणाऱ्यांसाठी होतं. हा माणूस पगारावर जगत नाही.

कृष्णाकाठ

मान्य. पण मग तो पाच दिवस काम का करतो, हाही प्रश्न आलाच.

वजाबाकी

कृष्णाकाठांनी अजाणता मुद्द्याला हात घातला. पाच दिवस का?

हाच माणूस आठवड्याला तीन दिवस काम करतो आणि ६० टक्के पगार, म्हणजे १४.४ लाख घेतो असं धरा. व्याज मिळवून २२.४ लाख, वजावट जाऊन २१.६५ लाख, कर उपकरासह २,५०,९००. नोकरीची निव्वळ कमाई ११,८९,१००. पूर्ण वेळेची होती १८,६१,८००. काम ४० टक्के घटलं, कमाई ३६ टक्केच घटली, कारण गेलेला पैसा ३० आणि २५ टक्क्यांच्या टप्प्यांतला होता. दोन दिवस मोकळे मिळाले ते वेगळेच.

आणखी पुढे जा. नोकरी सोडून तो सल्लागार झाला आणि वर्षाला ८ लाख शुल्क घेतलं. अभियंता, डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीए खाली शुल्काच्या किमान ५० टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता येतं, हिशेबाची वही ठेवावी लागत नाही. ४ लाख नफा, ८ लाख व्याज, एकूण १२ लाख. कर शून्य. २० लाखांच्या आत असल्याने वस्तू-सेवा कराची नोंदणी नाही. म्हणजे २४ लाख कमावून १६ द्यायचे, किंवा ८ कमावून जवळपास आठच्या आठ द्यायचे. एक तृतीयांश कमाईत निम्मं दान.

दोन खड्डे आहेत. जुन्याच कंपनीत, त्याच टेबलावर, त्याच वेळेत ‘सल्लागार’ म्हणून बसलात तर कर अधिकारी त्याला पगारच म्हणेल. किमान दोन-तीन ग्राहक हवेत, कामाचा करार कामाचा हवा, हजेरीचा नको. दुसरा खड्डा: १२ लाखांची सवलत शेअर्सच्या भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला लागू नाही. वर्षात म्युच्युअल फंड विकून नफा काढलात तर गणित पुन्हा मांडा. १२ लाखांच्या जरा वर गेलात तर सीमांत सवलत असते, म्हणजे कर त्या वरच्या रकमेहून जास्त होत नाही, एकदम साठ हजारांचा दणका बसत नाही.

रोजकीर्द

इतका वेळ सगळे देणाऱ्याच्या बाजूने बोलताहेत. घेणाऱ्याचा ताळेबंद कसा दिसतो ते लिहिते.

न्यासाला, म्हणजे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला, वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. १५ टक्के विनाअट शिल्लक टाकता येते. आता बघा, २८ मार्चला कुणी भला माणूस १६ लाख एकरकमी टाकतो. तीन दिवसांत ८५ टक्के म्हणजे १३.६ लाख खर्च कसे करायचे? मग पुढच्या वर्षांसाठी संचय करायचा ठराव करा, कारण लिहा, मुदतीत ऑनलाइन अर्ज भरा. जास्तीत जास्त ५ वर्षांची मुदत, पैसा ठरावीक प्रकारांतच गुंतवायचा, आणि लिहिलेल्या कारणासाठीच खर्च करायचा. छोट्या संस्थेत हे करणारा माणूस अर्धवेळ असतो. अर्ज राहिला तर देणगीवर कर बसतो. आणि मार्चमध्ये सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) पैसाही येऊन आदळतो, कारण कंपन्यांना वर्ष संपवायचं असतं.

कायम निधीसाठी (मूळ रक्कम न मोडता राखायची ठेव) देत असाल तर ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी पत्र देणगीबरोबरच द्या. नंतर तारीख मागे घालून पत्र मागायला लावू नका. लेखापरीक्षक ते पकडतात.

खरी गरज वेगळी असते. सीएसआर आणि मोठ्या अनुदानांचा पैसा प्रकल्पाला बांधलेला असतो. पुस्तकं घ्या, टॅबलेट घ्या, प्रशिक्षण घ्या. हिशेबनीसाचा पगार, कार्यालयाचं भाडं, लेखापरीक्षणाचं शुल्क, गाडीची दुरुस्ती, दोन प्रकल्पांच्या मधल्या चार महिन्यांतला कार्यकर्त्यांचा पगार, यांना कुणी देत नाही. अडकतं ते इथे. चांगली क्षेत्र-कार्यकर्ती प्रकल्प संपला की जाते, नवा प्रकल्प येतो तेव्हा नवी घडवावी लागते. नोकरदाराच्या पगारातून दरमहा येणारा, कशालाही न बांधलेला पैसा या भेगा बुजवतो. म्हणून १६ लाख मार्चमध्ये देणाऱ्यापेक्षा दरमहा १ लाख तीन वर्षं देणारा संस्थेला जास्त मोलाचा. नोकरी चालू ठेवण्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा माझ्या मते हाच आहे. पगार दरमहा येतो, म्हणून दान दरमहा जातं.

उंबरठा_५२

रोजकीर्दताई, ही बाजू ठाऊकच नव्हती. संस्था पारखायची कशी तेही सांगाल का? सगळे अहवालातले हसरे फोटो दाखवतात.

रोजकीर्द

फोटो बाजूला ठेवा. पाच कागद मागा.

धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रातल्या संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. अशांचा न्यास क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. मग परिशिष्ट एकचा उतारा, ज्याला सगळे शेड्युल वन म्हणतात. त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते. वेबसाइटवरचे विश्वस्त आणि उताऱ्यातले विश्वस्त जुळतात का बघा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षं प्रलंबित असेल तर आत भांडण आहे की नुसता कार्यालयातला ढीग आहे हे विचारा. दोन्ही असू शकतं, आणि ढीग असेल तर त्यात संस्थेचा दोष नाही. तिसरं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, शेड्युल आठ म्हणजे ताळेबंद आणि नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. चौथं, १२एबी (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी चे आदेश, त्यावरची मुदत संपलेली नाही ना. पाचवं, लेखापरीक्षकाचे शेरे. तेच आधी वाचा.

ताळेबंदात काय बघायचं? विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं आणि भाडं. ‘इतर खर्च’ या ओळीचा आकार. आणि प्रशासकीय खर्च फारच कमी असेल तर खूश होऊ नका. ३ टक्के प्रशासन दाखवणारी संस्था एक तर हिशेबनीस फुकट राबवते किंवा त्याचा पगार ‘प्रशिक्षण’ शीर्षाखाली लपवते.

पावती: रोखीने २,००० च्या वर देऊ नका, दिलंत तर ८०जी नाही. पॅन द्या, म्हणजे संस्था ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण भरून तुम्हाला प्रमाणपत्र देईल (१०बीई). साध्या छापील पावतीवर वजावट मिळत नाही. २०२५-२६ च्या विवरणपत्राला जुनाच कायदा, पण १ एप्रिल २०२६ पासूनच्या देणग्यांना नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे त्या देणग्यांसाठी ‘८०जी’ शोधत बसू नका. लोक तेच म्हणत राहतील ते सोडा.

अटलांटिकपार

परदेशातल्यांसाठी एक इशारा, कारण इथे चुका फार होतात. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, रीतसर बँकेमार्फत भारतातल्या संस्थेला दिलेला पैसा ‘परदेशी देणगी’ ठरत नाही. संस्थेने पारपत्राची प्रत मागून ठेवावी. मात्र अमेरिकी नागरिकत्व घेतलं, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आलं, की तोच माणूस परदेशी स्रोत. मग संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे. गावच्या सहकारी बँकेतल्या खात्यात शंभर डॉलर टाकलेत तरी गोत्यात संस्था येते, तुम्ही नाही. आईवडिलांच्या खात्यातून फिरवून देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

एफसीआरएच्या पैशातून २० टक्क्यांच्या वर प्रशासनावर खर्च करता येत नाही आणि तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. रोजकीर्द यांनी सांगितलेल्या भेगा या पैशाने तितक्या बुजत नाहीत. तिकडे करवजावट हवी असेल तर ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमाफ धर्मादाय, अमेरिकी संस्थेमार्फत द्या. कंपनीची भरही सहसा अशाच संस्थेला मिळते.

काडेपेटी

पगार कशाला, शेअर्सच देऊन टाका की. नोकरी नको, कर नको.

वजाबाकी

वाईट कल्पना नाही. शेअर्स भेट दिले तर ते हस्तांतर धरत नाहीत, देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ८०जी मिळत नाही, कारण वस्तुरूप देणगीला ती नाही. पण या माणसाला तशीही तिचा उपयोग नव्हता. अडचण संस्थेची: डीमॅट खातं हवं, आणि ज्या आर्थिक वर्षात शेअर्स आले ते संपल्यापासून वर्षभरात विकून मोकळं व्हायला हवं. छोटी संस्था डीमॅट उघडणार नाही.

रोजकीर्द

उघडणार नाही, आणि उघडायलाही सांगू नका, हात जोडते.

तासिकातत्त्व

ताईंनी दरमहाचं महत्त्व सांगितलं, त्याच्या पोटात एक धोका आहे. महिना लाख देणारा माणूस ५५ व्या वर्षी थकला, हृदयात स्टेंट पडला, नोकरी गेली. दुसऱ्या महिन्यात तीन कार्यकर्त्यांचे पगार बंद. त्यांच्या घरी कर्जाचे हप्ते असतात. देणाऱ्याच्या सुरक्षिततेवर काडेपेटीने लिहिलं, घेणाऱ्याच्या सुरक्षिततेचं काय?

रोजकीर्द

बरोबर, आणि यावर उपाय आहे.

पगार खात्यात आला की पूर्ण निव्वळ रक्कम वेगळ्या दान-खात्यात वळवायची स्थायी सूचना द्या. एकाच खात्यात राहिला की घरखर्च फुगतो, दोन वर्षांत ९ लाखांचे १३ होतात आणि दान ‘उरेल ते’ होतं. पहिले आठ-नऊ महिने संस्थेला काहीच देऊ नका, किंवा थोडं द्या. वर्षभराच्या वचनाएवढी रक्कम साठू द्या. मग दरमहा देणं सुरू. पुढे पगार थांबला तरी वर्षभर संस्थेला कळणारही नाही. वचन १६ लाखांचं नको, १२ लाखांचं द्या. वरचे ४ राखीव आणि अधूनमधून येणाऱ्या गरजांना.

एका संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या पंचमांशापेक्षा जास्त भार एकट्याने उचलू नका. १२ लाख दोन-तीन संस्थांत वाटले तर ते सहज जमतं. दहा संस्थांत वाटू नका, प्रत्येकीला पावती, अहवाल, फोनचा खर्च पडतो. आणि थांबायचं असेल तेव्हा एकदम नको: पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश. हे पहिल्याच पत्रात लिहून द्या.

भूलथाप

याला आम्ही हळूहळू भूल उतरवणं म्हणतो.

उंबरठा_५२

माझं मूळ मत थोडं सरकलंय. पाच दिवसांची नोकरी अजून दीड-दोन वर्षं, तेवढ्यात दान-खातं भरतं आणि विम्याची प्रतीक्षाही बरीचशी संपते. मग तीन दिवस किंवा सल्लागारी. ८ लाखांच्या शुल्कातून दरमहा ५०,००० दोन संस्थांना मिळून, वर वर्षाला २ लाख मोकळे. वजाबाकी साहेब, यात गणित चुकलं का?

वजाबाकी

गणित बरोबर. दोन गोष्टी: नोकरी सोडल्यावर भविष्य निर्वाह निधी लगेच काढू नका, पण त्या शिलकीवर नोकरी सोडल्यानंतर मिळणारं व्याज करपात्र असतं. ते ८ लाखांत मिळवा. म्हणजे त्या व्याजाच्या दुपटीएवढी शुल्काची मर्यादा आठाहून खाली येईल. आणि सल्लागारीचं वर्ष एप्रिलपासून सुरू करा. ऑक्टोबरात नोकरी सोडलीत तर सहा महिन्यांचा पगार, व्याज आणि शुल्क एकाच वर्षात येऊन १२ लाखांची रेषा ओलांडते.

रोजकीर्द

आणि एप्रिलमध्ये सुरू केलंत तर मार्चमध्ये आमच्याकडे कुणी रडणार नाही.